ट्रॅप अवघड की स्कीट?

कार्तिकात तुरीच्या शेतातून धुऱ्याधुऱ्याने चालत जावे, तर पायाजवळून एकदम फर्रर्र आवाज होतो आणि दोन-चार तित्तर उठतात. छातीत धस्स होते. मान वर करेपर्यंत ते वीस पावले पुढे गेलेले असतात आणि नजर स्थिर होईपर्यंत पलीकडच्या पऱ्हाटीत उतरलेलेही असतात. कोणता कुठल्या बाजूला गेला, असे कोणी विचारले तर सांगता येत नाही. दारव्ह्यापासून पांढरकवड्यापर्यंत यवतमाळ जिल्ह्यात ज्याने शेत तुडवले आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

त्याच शेतात संध्याकाळी दुसरे दृश्य दिसते. पोपटांचे थवे मुक्कामाच्या झाडांकडे परततात. वेळ ठरलेली, वाट ठरलेली, उंचीही जवळजवळ ठरलेली. माळ्यावर बसलेल्या पोराला ते कुठून येणार आणि कुठे जाणार, हे पाठ असते. पण डोक्यावरून जाणाऱ्या एकाच पोपटावर नजर धरून ठेवायची म्हटली, तर मान आणि कंबर दोन्ही गर्रकन फिरवावी लागतात.

ऑलिंपिकमधल्या शॉटगन नेमबाजीचे दोन मुख्य प्रकार या दोन दृश्यांसारखेच आहेत. ट्रॅप म्हणजे पायाखालून उठलेला तित्तर. स्कीट म्हणजे ठरल्या वाटेने जाणारा पोपट. यांतला अवघड कोणता, यावर नेमबाज हमखास वाद घालतात. ट्रॅपवाले ट्रॅपचे नाव घेतात, स्कीटवाले स्कीटचे. हा वाद नुसत्या अभिमानाचा आहे, असे मला वाटत नाही. त्याला उत्तर आहे. फक्त ते शोधण्याआधी गुणफलक कसा वाचायचा, हे समजून घ्यावे लागते.

आधी त्या लक्ष्याविषयी. ही एक पालथ्या बशीसारखी तबकडी असते. व्यास 110 मिलिमीटर, वजन 105 ग्रॅमच्या आसपास. नाव क्ले पिजन, म्हणजे मातीचे कबूतर, पण आजच्या तबकडीत माती नसते. चुनखडीची भुकटी आणि डांबराच्या जातीचा चिकट पदार्थ साच्यात दाबून ती तयार करतात. फेकताना ती फुटू नये आणि दोन-तीन छरे लागताच फुटावी, असे दुहेरी काम तिला करायचे असते. तिच्या आधी लक्ष्य म्हणून काचेचे पोकळ गोळे उडवत. अमेरिकेत ॲडम बोगार्डस या नेमबाजाने ते लोकप्रिय केले होते, आणि फुटल्यावर पिसे उडावीत म्हणून काही गोळ्यांत पिसेही भरत. 1880 मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने भाजलेल्या मातीची चपटी तबकडी काढली. ती इतकी टणक भाजली जाई की छरे लागूनही फुटत नसे. म्हणून पुढे माती गेली, नाव मात्र राहिले.

काचेच्या गोळ्यांच्याही आधी खरीच कबुतरे होती. ती खोक्यांत कोंडून ठेवायची, दोरी ओढून झाकण उघडायचे आणि उडताना टिपायची. त्या खोक्याला ट्रॅप म्हणत, तेच नाव पुढे खेळाला लागले. ट्रॅप म्हणजे सापळा खरा, पण हा आपल्याकडच्या फाशासारखा पाखरू धरणारा नव्हे, सोडणारा. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिवंत कबुतरांवरची स्पर्धा झाली आणि बेल्जियमच्या लिऑन द लुंदेनने 21 कबुतरे मारून ती जिंकली. त्यानंतर ऑलिंपिकने हे क्रौर्य पुन्हा होऊ दिले नाही, हे चांगलेच झाले.

आता ट्रॅप. मैदानाच्या एका रेषेवर पाच जागा. त्यांच्यापुढे 15 मीटरवर जमिनीत खोदलेला खंदक आणि त्यात 15 यंत्रे, दर जागेसमोर तीन. नेमबाज बंदूक खांद्याला लावून उभा राहतो आणि आवाज देतो. त्याच क्षणी तिघांपैकी एक यंत्र तबकडी फेकते. डावीकडे, उजवीकडे किंवा जवळपास सरळ. बाजूचा कोन 45 अंशांपर्यंत जाऊ शकतो आणि खंदकापासून 10 मीटरवर तिची उंची दीड ते साडेतीन मीटर असते. अडवली नाही, तर ती 76 मीटरवर जाऊन पडते. एका फेरीत 25 तबकड्या. त्यांपैकी 10 डावीकडे, 10 उजवीकडे आणि 5 सरळ जाणार, हे प्रत्येक नेमबाजाला माहीत असते. पुढची कोणती, एवढेच माहीत नसते. सारा खेळ त्या एका न कळण्यात आहे.

तबकडी ताशी 100 किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने सुटते. कसलेला नेमबाज पाऊण सेकंदाच्या आत पहिला बार काढतो. तेवढ्यात ती खंदकापासून 18-20 मीटर पुढे, म्हणजे त्याच्यापासून 30-35 मीटरवर गेलेली असते. जरा उशीर झाला, तर छऱ्यांच्या पसाऱ्यात भोके पडू लागतात आणि तबकडी त्यांतून सुखरूप निघून जाते. काडतुसात 24 ग्रॅमपेक्षा जास्त शिसे चालत नाही. ट्रॅपसाठी वापरतात तसे सुमारे 2.4 मिलिमीटरचे छरे घेतले, तर ते तीनशेच्या आसपास भरतात. तीनशे म्हणजे पुष्कळ वाटतात. पण 35 मीटरवर ते साधारण पाऊण ते एक मीटर रुंदीत पसरलेले असतात, आणि आडवी दिसणारी तबकडी जेमतेम अडीच सेंटिमीटर जाडीची पट्टी असते.

स्कीटचे मैदान अर्धवर्तुळाकार. दोन टोकांना दोन घरे. एकातून तबकडी सुमारे तीन मीटर उंचीवरून निघते, दुसऱ्यातून कमरेपेक्षा थोड्या जास्त उंचीवरून. नेमबाज आठ जागांवरून एकेक करत नेम धरतो, कुठे एक तबकडी, कुठे दोन्ही घरांतून एकाच वेळी सुटलेली जोडी. वाट प्रत्येक वेळी तीच. इंचाचाही फरक पडू नये, अशी यंत्रे लावलेली असतात. तबकडी 68 मीटरवर पडेल इतक्या जोरात निघते, पण बार तिच्यावर 20 मीटरच्या आतबाहेरच निघतो. ऐकताना सोपे वाटते. पण ऑलिंपिकच्या नियमांनी त्यात दोन खिळे ठोकले आहेत. पहिला असा की, आवाज दिल्यावर तबकडी लगेच येईलच असे नाही. शून्य ते तीन सेकंद कधीही येईल. दुसरा असा की, ती दिसेपर्यंत बंदुकीचा दस्ता कमरेशी, जाकिटावर आखलेल्या खुणेला टेकलेला हवा. म्हणजे दिसल्यावर बंदूक उचलायची, खांद्याला लावायची, गाल टेकवायचा, कंबर फिरवायची आणि चाप ओढायचा, हे सगळे पापणी लवण्याच्या अवकाशात.

स्कीटच्या जन्माची गोष्ट मोठी घरगुती आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी चार्ल्स डेव्हिस नावाचे शिकारी होते. पक्ष्यांच्या शिकारीचा सराव व्हावा म्हणून 1920 च्या सुमारास त्यांनी घड्याळाच्या तबकडीसारखे पूर्ण वर्तुळ आखले आणि बाराही आकड्यांवरून नेम धरायला सुरुवात केली. पुढे शेजाऱ्याने लगतच्या जागेत कोंबड्या पाळल्या. तिकडे छरे जाऊ देणे शक्य नव्हते. म्हणून वर्तुळ अर्धे कापले आणि समोरच्या टोकाला दुसरे यंत्र बसवले. आजचे ऑलिंपिकचे अर्धवर्तुळ त्या कोंबड्यांमुळे आहे. खेळाचे नाव ठरवायला 1926 मध्ये स्पर्धा घेतली, 100 डॉलरचे बक्षीस होते. माँटानातल्या गर्ट्रूड हर्लबट या बाईंनी सुचवलेला, नेम मारणे अशा अर्थाचा जुना स्कँडिनेव्हियन शब्द निवडला गेला. तोच स्कीट. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे.

दोन्हींची खरी तुलना आघाडीत आहे. आघाडी म्हणजे लक्ष्याच्या जितके पुढे नेम धरायचा ते अंतर. आपल्याकडे गोफण फिरवणाऱ्याला हे न शिकवता येते. गोफणीचा मूळ हेतू पाखरू मारण्याचा नाही, ज्वारीवरून उठवण्याचा आहे. पण थव्याच्या तोंडासमोर गुंडा पडला तरच थवा वळतो, मागे पडला तर नाही, हे पोरांना दोन दिवसांत कळते. उडत्या वस्तूच्या अंगावर नेम धरला की तो नेहमी मागे पडतो.

हिशोब करून पाहू. स्कीटच्या चौथ्या जागेवरून तबकडी अगदी आडवी जाते. 20 मीटर अंतर कापायला छऱ्यांना सेकंदाचा जेमतेम अठरावा-विसावा भाग लागतो. तेवढ्या वेळात तबकडी सव्वा मीटरच्या आसपास पुढे सरकते. म्हणजे बंदुकीचे तोंड तबकडीच्या सव्वा मीटर पुढे हवे, आणि फिरतेच हवे. चाप ओढताना हात थांबला, तर सगळी आघाडी वाया जाते. ट्रॅपमध्ये तबकडी आपल्यापासून दूर पळत असते, म्हणून आडवी गती कमी पडते. 45 अंशांत सुटलेल्या तबकडीलाही 30 मीटरवर साधारण पाऊण मीटर आघाडी पुरते, आणि सरळ जाणारीला जवळपास काहीच नको. आघाडीच्या आकड्यावर पाहिले, तर स्कीट अवघड. पण स्कीटमध्ये ती सव्वा मीटर आघाडी आज, उद्या, दहा वर्षांनी तेवढीच राहते. ती अंगात मुरवता येते. ट्रॅपमध्ये शून्य की पाऊण मीटर, हे तबकडी सुटल्यानंतर अर्ध्या सेकंदात ठरवायचे असते. एकीकडे कठीण उत्तर पाठ करायचे आहे, दुसरीकडे सोप्या उत्तरांतले नेमके कोणते, हे ओळखायचे आहे.

आता गुणफलक. इथेच बहुतेकांची फसगत होते. 2004 चे अथेन्स ऑलिंपिक घ्या. त्या वेळी शॉटगनचे तीन प्रकार होते. तिसरा डबल ट्रॅप, ज्यात दोन तबकड्या एकाच वेळी सुटतात आणि प्रत्येकीला एकच काडतूस मिळते. तेच मैदान, तोच आठवडा, तेच ऊन. ट्रॅपमध्ये रशियाच्या अलेक्सेई अलिपोव्हने 150 पैकी 149 फोडून सुवर्ण जिंकले. स्कीटमध्ये इटलीचा आंद्रेआ बेनेल्ली आणि फिनलंडचा मार्को केम्पाइनेन दोघेही 149 वर थांबले, आणि बरोबरी सोडवून बेनेल्ली जिंकला. डबल ट्रॅपमध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या शेख अहमद अल मक्तूम यांनी 200 पैकी 189 फोडल्या आणि ते स्पष्ट विजेते ठरले. भारताचे मेजर राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 179 फोडल्या आणि रौप्यपदक मिळवले. 17 ऑगस्ट 2004 चा तो दिवस. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक रौप्यपदक. तिसऱ्या क्रमांकावरच्या चीनच्या वांग झेंगचे 178.

हे आकडे शेजारी ठेवा. ट्रॅप आणि स्कीटच्या विजेत्याने शंभरातल्या नव्याण्णव फोडल्या. डबल ट्रॅपच्या रौप्यविजेत्याने शंभरातल्या नव्वदही पुरत्या फोडल्या नाहीत, आणि तरी तो जगात दुसरा आला. मला हे आकडे पहिल्यांदा शेजारी दिसले तेव्हा राठोडांच्या पदकाची किंमत नव्याने कळली. 21 तबकड्या चुकवून पदक मिळवणे हे त्यांच्या कमकुवतपणाचे लक्षण नाही. त्या प्रकारात माणसाचा हात आणि डोळा आपल्या मर्यादेला जाऊन भिडतो, याचा तो पुरावा आहे.

डबल ट्रॅपमध्ये कोन मात्र आधी माहीत असतात आणि तबकड्या 55 मीटरवरच पडतात, म्हणजे वेगही कमी. मग अवघड काय? पहिलीला लवकर गाठले नाही, तर दुसरी गेलीच. पहिलीला गाठायची घाई केली, तर तीच चुकते. धुऱ्यावरून दोन तित्तर एकदम उठले, की नजर दोघांच्या मधोमध अडकते आणि एकही नीट दिसत नाही, तसे हे आहे. पहिला बार होताच बंदुकीचा धक्का खांद्याला बसलेला असतो, तोंड वर उचललेले असते, आणि त्याच अवस्थेत दूर निसटत जाणारी दुसरी शोधायची असते. 1996 ते 2016 पुरुषांसाठी हा प्रकार ऑलिंपिकमध्ये होता, महिलांसाठी 2004 पर्यंतच. पुढे स्त्री-पुरुष मिश्र सांघिक स्पर्धेसाठी तो काढून टाकला. मिश्र स्पर्धा हव्यात, यात शंका नाही. पण भारताला शॉटगनचे पहिले ऑलिंपिक पदक देणारा आणि सगळ्यांत निर्दय असलेला प्रकार त्यासाठी बळी द्यावा लागला, याची मला खंत आहे. रोंजन सोढी, अंकुर मित्तल, श्रेयसी सिंग असे नेमबाज आपल्याकडे त्या प्रकाराने घडवले. अंकुर मित्तल तर 2018 मध्ये चांगवॉनला जगज्जेता झाला, तेव्हा ऑलिंपिकचे दार बंद झालेले होते.

आता ट्रॅप आणि स्कीटचे 149 खरोखर सारखे आहेत का, हे पाहू. सारखे नाहीत. ट्रॅपच्या प्राथमिक फेऱ्यांत एका तबकडीसाठी दोन काडतुसे असतात. पहिला बार चुकला आणि दुसऱ्याने फुटली, तरी पूर्ण गुण. स्कीटमध्ये एक तबकडी, एक काडतूस. म्हणजे ट्रॅपच्या गुणफलकावर किती तरी चुका दुसऱ्या बाराखाली झाकलेल्या असतात. ते झाकण काढले तर काय दिसते? आता ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ट्रॅपलाही एकच काडतूस मिळते, त्यामुळे उत्तर समोरच आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या नेथन हेल्सने ट्रॅपच्या अंतिम फेरीत 50 पैकी 48 फोडल्या. दुसरा आलेला चीनचा ची यिंग 44 वर राहिला. स्कीटच्या अंतिम फेरीत अमेरिकेच्या व्हिन्सेंट हॅनकॉकने 60 पैकी 58 फोडल्या आणि त्याचाच सहकारी कॉनर प्रिन्सने 57. महिलांत ट्रॅपची विजेती ग्वाटेमालाची आद्रियाना रुआनो 50 पैकी 45, रौप्यविजेती इटलीची सिल्व्हाना स्टँको 40. स्कीटमध्ये चिलीची फ्रान्सिस्का क्रोव्हेत्तो आणि ब्रिटनची अंबर रटर दोघीही 60 पैकी 55.

विजेते जवळपास सारखेच, पण दुसऱ्या क्रमांकावर फरक उघडा पडतो. स्कीटचे रौप्य 90 टक्क्यांच्या वर आहे, ट्रॅपचे 80 ते 88 टक्क्यांवर. दुसरे काडतूस काढून घेतले, की ट्रॅप स्कीटपेक्षा अवघड ठरतो. एका स्पर्धेवरून कायमचा निकाल देऊ नये, हे खरे, पण कारण समजले की हा आकडा अपघाती वाटत नाही. न कळणाऱ्या दिशेची किंमत ती आहे.

तरी स्कीटवाल्यांची बाजू इथे संपत नाही. त्यांचे म्हणणे असे की, जिथे सगळेच जवळजवळ सगळ्या फोडतात, तिथे एक चूक म्हणजे घरी परतणे. 125 पैकी 122 फोडून अंतिम फेरी हुकणे ही स्कीटमध्ये नवलाची गोष्ट नाही. पॅरिसलाच मिश्र स्कीटमध्ये आपले अनंतजीतसिंह नरुका आणि माहेश्वरी चौहान यांचे कांस्यपदक 43 विरुद्ध 44 असे एका तबकडीने गेले. असा प्रकार शिकायला सोपा आणि जिंकायला अवघड असतो. 1992 च्या बार्सिलोनात चीनच्या झांग शानने स्त्री-पुरुषांच्या एकत्र स्कीट स्पर्धेत प्राथमिक फेऱ्यांत 200 पैकी 200 फोडल्या आणि सुवर्ण जिंकले. पुढच्या ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवला गेला आणि तिला आपले विजेतेपद राखण्याची संधीच मिळाली नाही. महिलांचा स्कीट आला तो थेट 2000 मध्ये.

ऑलिंपिकच्या बाहेरही बराच पसारा आहे. इंग्लंडात डाउन-द-लाइन नावाचा ट्रॅप खेळतात. तिथे एकच यंत्र, कोन लहान आणि वेग कमी. पहिल्या बाराने फोडली तर 3 गुण, दुसऱ्याने 2. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते, कारण दुसरा बार काही झाकत नाही. अमेरिकन ट्रॅपही असाच सौम्य आहे. पण तिथे चांगल्या नेमबाजाला मागे मागे सरकवत 27 यार्डांपर्यंत नेतात, तिथून तो सौम्य राहत नाही. अमेरिकन स्कीटमध्ये तबकडी हळू येते, आवाज दिल्याबरोबर येते आणि बंदूक आधीच खांद्याला लावलेली चालते. त्यामुळे तिथे शंभरपैकी शंभर फोडणारे अनेक निघतात. नाव स्कीटच, पण ऑलिंपिकच्या स्कीटशी त्याची तुलना करू नये. याशिवाय ऑटोमॅटिक बॉल ट्रॅप आहे. त्यात एकच यंत्र सतत डावीउजवीकडे आणि वरखाली झुलत राहते, म्हणून तबकडी कोणत्याही कोनात आणि कोणत्याही उंचीवर निघू शकते. ऑलिंपिक ट्रॅपला 15 यंत्रे आणि खंदक लागतो, इथे एका यंत्रावर भागते. अनिश्चिततेत मात्र हा त्याच्या फार मागे नाही.

आणि मग स्पोर्टिंग. शिकारीच्या सरावासाठी इंग्लंडात वाढलेला हा प्रकार ठराविक मैदानच मानत नाही. झाडी, उतार, ओढा, जे असेल ते घ्यायचे आणि त्यात यंत्रे लपवायची. एक तबकडी जमिनीवरून सशासारखी घरंगळत जाते. दुसरी सरळ आकाशात चढते, थबकते आणि कोसळते. तबकड्याही वेगवेगळ्या, 90 मिलिमीटरच्या, 60 मिलिमीटरच्या, कागदासारख्या पातळ. आपल्याकडे जुन्या विहिरीत पारवे राहतात. काठावरून वाकून पाहिले, की ते फडफडत सरळ वर येतात. त्याच विहिरीवरून दुपारी घारीचा घेरा चालू असतो, आणि धुऱ्यावरून ससा पळतो. ही सगळी दृश्ये एका वाटेवर लावली, तर जे होईल ते स्पोर्टिंग. इथे एका मैदानाचे गुण दुसऱ्याशी ताडून पाहता येत नाहीत, कारण प्रत्येक मैदान वेगळे. म्हणून याचे विक्रम फारसे कोणाच्या कानावर येत नाहीत. पण नवखी तबकडी पाहून तिचा वेग, अंतर आणि वळण एका नजरेत ओळखणे ही कला दुसऱ्या कोणत्याच प्रकारात इतकी कसाला लागत नाही.

तेव्हा माझा निकाल असा. एका तबकडीला एक काडतूस या न्यायाने पाहिले, तर डबल ट्रॅप सगळ्यांत अवघड, त्याच्या पाठोपाठ ऑलिंपिक ट्रॅप, आणि मग ऑलिंपिक स्कीट. स्पोर्टिंगला या रांगेत बसवू नये, त्याचे माप वेगळे आहे. नव्याने शिकणाऱ्याला मात्र उलट वाटेल. त्याला पहिल्या दिवशी स्कीटची आडवी तबकडी फुटणार नाही आणि ट्रॅपची सरळ जाणारी एखादी फुटून जाईल. त्यावरून खेळ सोपा समजू नये. गावात पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. रानडुक्कर आणि रोही यांच्या त्रासाने जागलीला जाणारे शेतकरी ती वापरतात. पण त्या बंदुकीचा अनुभव इथे फारसा कामी येत नाही. तो उभ्या लक्ष्याचा, अंधाराचा आणि भीतीचा अनुभव असतो. गोफणीचा अनुभव जास्त कामी येतो.

महाराष्ट्राची नेमबाजी म्हटली की रायफल आणि पिस्तूल आठवते. अंजली भागवत, सुमा शिरूर, 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत, 2018 च्या एशियाडची सुवर्णविजेती राही सरनोबत, आणि पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे. ही सगळी स्थिरतेची कला. श्वास रोखायचा आणि 10 मीटर रायफलमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर नेम ठेवायचा. शॉटगनमध्ये स्थिर राहणे हीच चूक असते. भारतात ही कला बराच काळ राजघराण्यांत आणि लष्करात राहिली. बिकानेरचे महाराजा करणीसिंह 1962 मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये दुसरे आले, पाच ऑलिंपिक खेळले, आणि दिल्लीच्या तुघलकाबादचे मैदान त्यांच्याच नावाने आहे. मानवजीतसिंह संधू 2006 मध्ये झाग्रेबला ट्रॅपचा जगज्जेता झाला. ही कला अशी मोजक्यांत राहण्याचे मोठे कारण म्हणजे खर्च. एका दिवसाच्या सरावाला शंभराहून जास्त काडतुसे सहज लागतात, आणि फुटलेली तबकडी पुन्हा वापरता येत नाही.

पण हे चित्र बदलले आहे आणि ते शेजारीच बदलले आहे. मध्य प्रदेश सरकारने भोपाळला नेमबाजी अकादमी काढली. तिथे मासेमारी करणाऱ्या घरातली मनीषा कीर ट्रॅप शिकली आणि 2018 मध्ये जागतिक स्पर्धेत कनिष्ठ गटात रौप्यपदक घेऊन आली. इटारसीची प्रीती रजक तिथूनच पुढे गेली. लष्करातली पहिली महिला सुभेदार म्हणून आज तिला ओळखतात. दोघी राजेश्वरी कुमारीसह हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ट्रॅपचे सांघिक रौप्यपदक जिंकलेल्या संघात होत्या. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या ट्रॅप संघाने सुवर्ण मिळवले. आपल्या जिल्ह्यातल्या पोरापोरींचे डोळे त्यांच्यापेक्षा कमी आहेत, असे मानायला काहीच आधार नाही.

यवतमाळ जिल्ह्यात मुरमाड बरड जमीन पडून आहे. तिथे धड पऱ्हाटीही येत नाही. बारीक छरे अडीचशे मीटरच्या आत खाली पडतात, त्यामुळे वस्तीपासून आणि पाणवठ्यापासून दूर असा मोकळा पट्टा आणि शिसे गोळा करण्याची सोय एवढे पुरे. 15 यंत्रांचा खंदक पहिल्याच दिवशी खोदायची गरज नाही. एक ऑटोमॅटिक बॉल ट्रॅपचे यंत्र, पाच जागा, चार बंदुका आणि एक जाणकार शिक्षक, एवढ्यावर सुरुवात होते. जिल्ह्याच्या क्रीडा आराखड्यावर ज्यांचे म्हणणे चालते, त्यांनी या वर्षी ही एक मागणी लिहून पाठवावी.